आवाज ऑप्शनला टाकला

मी फिजिक्सचा मास्तर. सकाळी लातूरला बारावीच्या दोन बॅचा आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी नांदेडला एक, असा माझा रतीब चालायचा. भूकंपाला बारा वर्षं होऊन गेली होती. ज्या जिल्ह्यात माणसं महिनोन्महिने पत्र्याच्या शेडात राहिली, तिथं आता कोपऱ्याकोपऱ्यावर क्लासचे बोर्ड लागले होते आणि कंधार, नायगाव, धर्माबादकडचे आईबाप पोरांना गादीच्या वळकटीसकट आणून टाकत होते. आमच्याकडं तेव्हा कशालाही पॅटर्न म्हणत. शिकवायचा पॅटर्न, झोपायचा पॅटर्न, मेसमधल्या पातळ वरणाचासुद्धा पॅटर्न. चौकातल्या बोर्डावर माझा फोटो होता. त्यात मी हाताची घडी घालून वर आकाशाकडं बघून राहिलो होतो. का, ते मला आजही माहीत नाही.

गाडी मात्र फोटोला शोभणारी नव्हती. अकराशे सीसीची, पिस्त्या रंगाची, चार दारांची डबी. सपाट रस्त्यावर गुणी होती. पण अहमदपूरच्या पुढं चढ लागला आणि समोर उसाचा ट्रक आला, की एसी बंद करून, काच खाली घेऊन मी नामस्मरण करायचो. माझ्यासारखेच लातूर-नांदेड करणारे एक केमिस्ट्रीचे सर होते. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि एका दुपारी त्याच चढावर मला मागं टाकलं. टाकलं तर टाकलं, वर काचेतून हात काढून "सावकाश या, सर" म्हणाले. नांदेडला पोचल्यावर माझ्याच बॅचला सांगून ठेवलेलं, "फिजिक्सचे सर येऊन राहिलेत. घर्षण जास्त आहे." मी वर्गात शिरलो तर दोनशे पोरं फिदीफिदी हसत होती. तळपायाची आग मस्तकात गेली.

"मग मोठी गाडी घ्या की तुम्हीबी," बायको म्हणाली.

"मोठी गाडी कुणीही घेतं," मी म्हणालो. "मी हिलाच टर्बो बसवतो."

टर्बो म्हणजे सांगायला सोपी गोष्ट. सायलेन्सरमधून जो धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं इंजिनात जादा हवा कोंबायची. हवा जास्त, जाळ जास्त, जोर जास्त. पण हवा वाढली की पेट्रोलही त्या मापात वाढावं लागतं, ठिणगीही बरोब्बर वेळेला पडावी लागते, नाहीतर इंजिन आतून फुटतं. ते सांभाळायला एक इलेक्ट्रॉनिक पेटी लागते. थोडक्यात पंखा निवडायचा आणि पेटी निवडायची. मी बायकोला हे फळ्यावर शिकवतात तसं भाजीच्या टोपलीसमोर उभं राहून शिकवलं. ती मेथी निवडत होती.

"काय करायचं ते करा," ती म्हणाली. "आवाज नको. एवढंच."

हे 'एवढंच' कळायला तिच्या माहेराबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर औशाच्या पुढं, दगडमातीच्या जाड भिंतींचं घर. आमचं लग्न नवं होतं, ती माहेरी गेलेली, आणि त्या पहाटे जमीन गुरगुरली. तिच्या बाबांनी तिला दंडाला धरून ओढत अंगणात आणून सोडलं आणि आईला आणायला ते मागं फिरले. मग भिंत आली. दोघंही गेले. सासुरवाडी म्हणून मला पुढं फक्त ढिगारा दिसला.

त्यानंतर तिनं माझ्याकडून शपथ घेतली. स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून घेतली. "आवाज आला की ज्यानं त्यानं पळायचं. कुणी कुणासाठी मागं फिरायचं न्हाई. मी आत राहिले तरी न्हाई." आणि दरवर्षी बाबांच्या श्राद्धाला, पानं वाढून झाली की, ती हमखास पुटपुटायची, "मागं फिरायची काय गरज होती?" रडून नाही. चिडून. घरातल्या माणसावर चिडतात तशी. मला आधी हे विचित्र वाटायचं, मग सवय झाली.

आम्ही दोन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली. पुढं स्लॅबचं घर बांधलं, कॉलममध्ये गरजेच्या दुप्पट लोखंड घातलं. तरी ती उन्हाळा-पावसाळा व्हरांड्यात झोपायची. चार-पाच वर्षांनी बाहेरच्या खोलीत आली, दार सताड उघडं ठेवून. आणि या टर्बोच्या भानगडीआधीच्या दिवाळीत, कुणी काही न बोलता, तिनं आतल्या खोलीत अंथरूण घातलं आणि कडी लावली. कडीचा तो आवाज ऐकून मी अंधारात डोळे पुसले. खोटं कशाला सांगू.

तरी स्वयंपाकघरात एक ताट कायम असायचं. त्यावर स्टीलचे तीन पेले, एकावर एक उभे रचलेले. जमीन हलली की ते कोसळणार आणि आपण जागे होणार. आमच्या भागात घरोघरी असलं काही ना काही होतं. पहिल्या वर्षी मी हसलो. दुसऱ्या वर्षी तिला सांगितलं, सगळ्यात लहान पेला खाली ठेव, मोठा वर, म्हणजे जरा धक्का लागला तरी पडेल. तेव्हापासून ती तसेच रचायची. संसारात माझ्या विषयाचा तिला झालेला हा एवढाच उपयोग.

तर टर्बो. मी मास्तर असल्यामुळं दुकानात जाऊन वस्तू घेणं मला कमीपणाचं वाटतं. मी पेपर काढला. शंभर गुणांचा. ताकद चाळीस, टिकाऊपणा पंचवीस, फिटिंग वीस, किंमत दहा. उरले पाच, ते आवाजाला दिले. तीन उमेदवार होते. पुण्याच्या माणसाला फोन केला, तर 'लातूर' म्हटल्यावर तो म्हणाला, "अच्छा, ते भूकंपवालं का?" त्याला मी तोंडी परीक्षेतच नापास केला. राहिले दोघं. हैदराबादचा पंखा लहान, शांत, जुन्याच सायलेन्सरवर बसणारा. त्याला आवाजात पाचपैकी पाच, पण ताकदीत मार खाल्ला. एकूण एक्याऐंशी. कोइमतूरचा पंखा दांडगा. त्याच्यासोबत मनगटाएवढा जाड मोकळा सायलेन्सर घ्यावाच लागायचा, नाहीतर पंख्याचा श्वास कोंडतो. आवाजात भोपळा, तरी एकूण अठ्ठ्याऐंशी. डिस्टिंक्शन!

"आवाजाला किती गुण हायेत?" कागद बघून बायकोनं विचारलं.

"पाच."

"पाचच?"

"अगं, पेपर संतुलित असावा लागतो."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चे तीन प्रकार आहेत. हा तिसरा होता, आणि मी तो न ओळखल्यासारखं केलं.

आमची पोरं एखादा धडा जड गेला आणि त्याला गुण कमी असले की तो ऑप्शनला टाकतात. म्हणजे वाचायचाच नाही, परीक्षेत आला तर सोडून द्यायचा. मी वर्गात यावर तावातावानं बोलायचो, "ऑप्शनला टाकलेलाच प्रश्न नेमका येतो, गाढवांनो!" घरी येऊन मी आवाज ऑप्शनला टाकला.

मिस्त्री नांदेडचा, देगलूर नाक्याकडचा. हैदराबादला काम शिकून आलेला, तोंडात दख्खनी आणि मराठीची खिचडी. त्यानं माझी गुणपत्रिका तेलकट बोटांनी लांब धरून वाचली.

"सर, ये कोइमतूरवाला नक्को. छोट्या गाडीला छोटाच दम द्या. कायकू इतना बडा?"

"अठ्ठ्याऐंशी गुण आहेत त्याला."

"गुण गाडीला कळत न्हाईत, सर."

पेटीवरून तर आमची जुंपलीच. पेटीतही दोन जाती. एक छोटी पेटी गाडीच्या मूळ पेटीला चिकटून बसते आणि तिला थोडं थोडं खोटं सांगते. हेडमास्तर जुनाच, कारभार क्लार्क बघतो, तसं. दुसरी म्हणजे मूळ पेटी काढून टाकायची आणि अख्खी नवी बसवायची. तिला लॅपटॉप जोडला की पेट्रोल, ठिणगी, उभ्या गाडीत इंजिन किती सावकाश फिरावं, सगळं मालकाला बदलता येतं.

"छोटी घ्या," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"ती तुम्हाला उघडता येत न्हाई. म्हणून चांगली हाय."

मला आयुष्यात कुणी इतकं ओळखलेलं नाही. मी अर्थातच मोठी घेतली. दुसऱ्यानं लिहिलेलं दुरुस्त करायला न मिळालं तर मास्तर झालो कशाला?

दोन आठवडे मी एसटीनं ये-जा केली. गाडी ताब्यात देताना मिस्त्रीनं सायलेन्सरच्या तोंडात बसणारं एक लोखंडी बूच दिलं. गावात बूच लावायचं, आवाज दबतो. रस्त्यावर काढायचं, जोर मिळतो. "और घरके पास बूच नक्को निकालना, सर. लई घुमतं हे," तो दोनदा म्हणाला. मी "हाव हाव" म्हणालो. त्या दिवशी परत येताना पलीकडच्या बाजूच्या चढाखाली बूच काढलं. काय सांगू! पाय नुसता टेकवला तर पाठ सीटला चिकटली. उसाचे दोन ट्रक गेले, एक लाल बस गेली, आणि पुढं ती मोठी गाडी. मी केमिस्ट्रीच्या सरांना असा काही मागं टाकला की देवानं बघावं! मान वळवून पाहिलं. त्यांच्या काचा बंद होत्या, ते फोनवर बोलत होते आणि त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. रांडेच्या, एवढ्यासाठी एवढा खटाटोप!

लातूर आलं की बूच लावून गाडी घरी. घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, आमचं ते जुनं पत्र्याचं शेड होतं. भूकंपानंतर ज्यात राहिलो तेच. त्याचं मी गॅरेज केलं होतं. बायकोनं बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. "आवाज तर काहीच न्हाई," ती म्हणाली आणि खुश झाली. मी गप्प बसलो. ही माझी पहिली चोरी.

दुसरी रविवारी. दुपारचं जेवण झालं, उन्हाचा नुसता कहर होता, गल्ली चिडीचूप. रविवारी आम्ही दोघं आतल्या खोलीत दोन तास झोपायचो. मला काही चैन पडेना. पेटीत एक सुधारणा डोक्यात होती. उभ्या गाडीत इंजिन आणखी सावकाश फिरवायचं, म्हणजे ते शर्यतीच्या गाडीसारखं थबकत थबकत घुमतं. कुठल्या तरी मासिकात वाचलं होतं. पण बायको उठून मला शोधत आली तर? होस्टेलची पोरं सर फेरीला येणार म्हणून करतात तेच मी केलं. माझ्या जागी लोड ठेवला आणि त्यावर चादर पांघरली. चाळिशी ओलांडलेला माणूस! चपला हातात घेऊन मागच्या दारानं शेडात गेलो. लॅपटॉप जोडला, इंजिन चालू केलं, आकडा खाली आणला. दबलेल्या आवाजात काही मजा येईना. बूच काढलं.

मी दरवर्षी पोरांना अनुनाद शिकवतो. प्रत्येक वस्तूची आपली एक लय असते, बाहेरचा धक्का त्याच लयीत बसला की ती वस्तू थरथरायला लागते; म्हणून सैनिक पुलावरून जाताना कवायतीचं पाऊल मोडतात, वगैरे. पाच गुणांना हमखास येतो. आणि मी, अनुनाद शिकवणारा, पत्र्याच्या शेडात बसून त्या इंजिनाचा आकडा एक एक पायरी खाली आणत होतो. एका आकड्याला पत्रे घुमायला लागले. भिंत घुमायला लागली. जमिनीतून गुर्रर्र असा आवाज यायला लागला. मला वाटलं, वा! जमलं!

मग भिंतीपलीकडून पेले पडल्याचा आवाज आला.

मी इंजिन बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात गल्लीत पळापळ ऐकू आली. चावी तशीच सोडून बोळातून पुढं धावलो. अख्खी गल्ली रस्त्यावर. शेजारचे रिटायर तलाठी बनियन-टॉवेलवर, हातात बीपीच्या गोळ्यांचा डबा. समोरच्या रूममधल्या आठ पोरी, एकीच्याही पायात चप्पल नाही, पण प्रत्येकीच्या छातीशी तो ऑब्जेक्टिव्हचा जाडजूड ग्रंथ. त्यांच्यातल्या एकीची धर्माबादहून आलेली आई शिट्टी होऊ घातलेला कुकर फडक्यात धरून उभी.

"लई मोठा होता," कुणी म्हणालं.

"मोठा कुठला? चार पॉइंट दोन," तलाठी म्हणाले. आमच्या गल्लीत रिश्टरचा आकडा अंदाजानं न सांगणारा माणूस जन्माला यायचा होता. "काय सर? तुम्ही फिजिक्सचे. किती असंल?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मी, लाज वाटते लिहायला, म्हणालो, "तीनच्या आतच असेल."

"अजून चालूच हाय की," कुकरवाली बाई म्हणाली. सगळ्यांनी कान दिला. बोळातून गुर्रर्र येतच होतं. आठातली एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, ती तुमची गाडी आहे ना?"

लोक काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही, कारण मी माणसं मोजत होतो. बायको दिसत नव्हती. बारा वर्षांत साधा ट्रक गेला तरी सगळ्यांच्या आधी रस्त्यावर असणारी माझी बायको.

"हिला पाहिलं का?"

"बाई आल्या होत्या की फाटकापर्यंत," तलाठी म्हणाले. "मग एकदम मागं फिरल्या. सर आत झोपलेत म्हणाल्या."

मी घरात कसा शिरलो आठवत नाही. आतल्या खोलीत ती उभी होती. चादर जमिनीवर लोळत होती आणि तिच्या दोन्ही हातांत तो लोड होता, मिठीत घेतल्यासारखा. तिनं चादरीसकट मला ओढायला हात घातला आणि हाताशी हे आलं. बाथरूमचं दार उघडं, कपाटाचं दार उघडं, सगळीकडं शोधून झालेलं. भिंत अजून घुमत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताला लागलेल्या काळ्या तेलाकडं.

"तुम्ही बाहेर होता?"

"हो."

तिनं लोड पलंगावर ठेवला. नीट, डोक्याच्या बाजूला. म्हणाली, "ते बंद करा आधी."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयार होतो. पण तिनं पडलेले पेले उचलले, धुतले, ताटावर रचले, आणि संध्याकाळी आपलं अंथरूण उचलून व्हरांड्यात नेलं. बारा वर्षं एक एक खोली करत ती आत आली होती. मी तिला एका दुपारीत बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन मिस्त्रीला म्हणालो, "सगळं काढ." त्यानं कारण विचारलं नाही. पंखा काढला, मोठी पेटी काढली, मूळ पेटी जागेवर बसवली. हेडमास्तर परत रुजू झाले. चढावर केमिस्ट्रीचे सर परत हात काढून गेले. मी पण हात केला.

ती आतमध्ये काही झोपायला येईना. मग मीही माझं अंथरूण तिच्या शेजारी टाकलं. आठ-दहा दिवस गेले. एका संध्याकाळी आम्ही दोघं चादरी घालत असताना मला राहवेना. अपराधी माणसाला वाद घालायची फार हौस असते.

"शपथ मला घातलीस," मी म्हणालो, "आणि मोडलीस तू. फाटकापर्यंत गेली होतीस ना? मग मागं का फिरलीस?"

ती चादरीची सुरकुती काढत राहिली.

"कुणी विचार करून फिरतं का?" ती म्हणाली. "पाय फिरले."

मग उशी सारखी करत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "बारा वर्षं मी बाबांवर चिडून होते. मागं फिरायची काय गरज होती म्हणून. ते चिडणं होतं तोवर बरं होतं, ते इथंच कुठंतरी हायेत असं वाटायचं. आता चिडता बी येत न्हाई मला."

आणि ती रडली. त्या पहाटेनंतर मी तिला आईबापासाठी रडताना पहिल्यांदा पाहिलं. मी तिचा हात धरून बसलो. त्या वर्षी श्राद्धाला पानं वाढून झाली, ती पदरानं हात पुसत बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली, आणि काहीच बोलली नाही.